विसाव्या वाडग्याची आकडी

सुमिए आणि योशिझो यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्या मधोमध एक वाडगा हवेतून चालला होता.

त्याचा वेग किती होता यावर सुगातानीत आजही एकमत नाही. योशिझोची बायको हात्सुए सांगते, की तो सुमिएच्या कानाजवळून गेला तेव्हा नुसत्या वाऱ्यानं तिचा अंबाडा सुटला. मग तो किटलीवर आपटला, किटली मांजरावर आपटली आणि मांजर जे पळालं ते चेरीचा बहर ओसरल्यावर परतलं, तेही एकटं नव्हे, तीन पिल्लांसह. समोरच्या घरातले म्हणतात, की त्या हादऱ्यानं त्यांच्या छपरावरचा उरलासुरला बर्फ एकदम खाली आला आणि फावडं घेऊन वर चढायची मेहनत वाचली. योशिझोला विचाराल तर वाडगा उडालाच नव्हता. "हातातून जरा निसटला," एवढंच तो कबूल करतो. पंचावन्न वर्षं लेथवर बसलेल्या कातारी माणसाचं हत्यार लाकडात अडकावं आणि अर्धा पोखरलेला वाडगा सुटून पळावा, ही गोष्ट तो आपल्या तोंडानं सांगणं शक्य नाही.

त्या क्षणी मात्र तो एवढंच ओरडला, "दार लावा आधी! वारा आला की लाकूड बिथरतं."

"आणि माणूस मेलं की?" सुमिएनं दारातूनच विचारलं.

"मेलात का?"

"नाही."

"मग लावा की दार."

सुमिएनं दार लावलं. दुसरी कुणी असती तर बाहेरून लावलं असतं, हिनं आतून लावलं. खाली वाकून तिनं तो पळपुटा वाडगा उचलला, आत डोकावली आणि म्हणाली, "बाहेरून झालाय, आतून व्हायचाय. आतलं कशानं काढता?"

सुमिएची ही जुनी खोड. वय एकसष्ट, नदीकाठच्या गरम पाण्याच्या सराईत सदतीस वर्षं पाहुण्यांना वाढण्याची नोकरी आणि तेवढ्या सगळ्या काळात प्रत्येक झाकलेल्या वस्तूच्या आत काय आहे ते बघण्याची हौस. पाहुण्यांच्या बॅगा तिनं कधी उघडल्या नाहीत, पण बॅगेच्या वजनावरून आत काय असेल याचे तिचे अंदाज सराईत प्रसिद्ध होते. एकदा तिनं एका पाहुण्याच्या बॅगेत इस्त्री आहे असं सांगितलं होतं आणि खरोखर इस्त्री निघाली होती. माणूस सुट्टीवर इस्त्री का आणतो, हे तिला अजून कळलेलं नाही आणि त्याचं तिला अजून वाईट वाटतं.

योशिझोकडे ती आली होती ती मात्र एका फुटक्या गोष्टीपायी.

सराईत केयाकीच्या लाकडाचे वीस वाडगे होते. योशिझोच्या वडिलांनी कातलेले, वरून पुसटशी लाख, आतून मधासारखा रंग. दहा-दहाच्या दोन लाकडी खोक्यांत ते ठेवलेले असत आणि त्या खोक्यांची किल्ली सुमिएकडे असे. एकतीस वर्षांपूर्वी हिवाळ्यात तिनं त्यातला एक धुतला आणि लवकर वाळावा म्हणून रॉकेलच्या शेगडीवर ठेवला. एकच मिनिट. तेवढ्यात फोन वाजला. परत आली तर वाडगा काठापासून बुडापर्यंत तडकलेला. घाबरलेल्या माणसाची अक्कल जशी चालते तशी तिची चालली: तिनं तो ओच्यात लपवला, नदीवर नेला आणि पाण्यात टाकला. लाकूड पाण्यावर तरंगतं हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा वाडगा ऐटीत पुलाखालून निघाला होता, आणि पुलावर सराईच्या मालकीणबाई ओसाकाच्या पाहुण्यांना निसर्ग दाखवत उभ्या होत्या.

"बघा," मालकीणबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "आमच्याकडे नदीतसुद्धा वाडगे वाहतात."

त्यांनी तो ओळखला नाही. पण त्या दिवसापासून सुमिएची एकतीस वर्षांची कसरत सुरू झाली. सराईत कधीही वीस माणसं एका पंगतीला बसू द्यायची नाहीत, हा तिच्या आयुष्याचा नियम ठरला. वीस जण आले तर एकाला ती बरोबर सुपाच्या वेळी आंघोळीला पाठवायची. "आत्ता कुंडात गर्दी नाही, नंतर पाय ठेवायला जागा मिळायची नाही," असं कानात सांगायची. एकाला सूप पोटाला चालत नाही असं पटवायची. फुकुइच्या एका शाळामास्तरांना तिनं इतकं पटवलं होतं, की त्यांनी पुढे घरीही सूप सोडलं. एकोणीस वाडगे, एकोणीस माणसं, आणि मालकीणबाई दरवर्षी समाधानानं म्हणायच्या, "आपले वीसच्या वीस अजून शाबूत आहेत बरं का."

आता मालकीणबाईंना अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. समारंभ ऑक्टोबरात. सुमिए आदल्याच वर्षी निवृत्त झाली होती, तरी मालकीणबाईंनी तिला बोलावून घेतलं.

"त्या दिवशी वाढायला तूच यायचं. वीस माणसं. घरचीच सगळी, मी मोजलीत. आणि सूप त्याच वाडग्यांतून. सुनेचं ऐकू नकोस."

घरच्या माणसांना आंघोळीला पाठवता येत नाही. त्यांना कुंड कुठे आहे आणि गर्दी कधी असते ते माहीत असतं. म्हणून मार्च महिन्यात, गल्लीतला बर्फ काळा पडत असताना, सुमिए नदीच्या वरच्या अंगाला सुगातानीत योशिझोच्या दारात उभी होती.

योशिझोनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही करणार."

"का?"

"बाबांचा वाडगा मी करत नाही. बाहेरून करीन हुबेहूब. आतून नाही जमत. वाडगा बाहेरून डोळ्यांचा असतो, बाई, आतून ओठांचा असतो."

"हे वाक्य सकाळपासून जमवत होते," हात्सुए आतून म्हणाली. ती चहा घेऊन बाहेर आली. "तुम्ही आलात म्हणून कामी आलं, नाहीतर मांजराला ऐकवलं असतं. पण तेही गेलं."

"मग मी करते," सुमिए म्हणाली.

योशिझो हसला. इतका हसला की हात्सुएनं त्याच्या हातातला कप काढून घेतला.

दोन आठवड्यांनी सुमिए परत आली ती काखेत एक लांबट खोकं घेऊन. टपालानं मागवलेलं. झाकणावर एक हसरी बाई, तिच्या हातात एक हत्यार आणि खाली लिहिलेलं: 'नवशिक्यांसाठी आतून पोखरण्याची सहा हत्यारं.' मुठी सहा रंगांच्या.

योशिझोनं एकेक हत्यार बाहेर काढून उजेडात धरलं. नव्या सुनेनं आणलेली भांडी सासू जशी बघते तसं बघितलं. "चांगलं पोलाद आहे," तो म्हणाला. "पण हे कुणाच्या हाताचं?"

"सगळ्यांच्या. तसं लिहिलंय आत."

"म्हणजे कुणाच्याच नाही." त्यानं हिरव्या मुठीचं हत्यार भिंतीतल्या खिळ्यांवर आडवं ठेवलं आणि त्यावर आपला टॉवेल टाकला. तो टॉवेल अजून तिथंच आहे. बाकीच्या पाचांवर हात्सुएनं पुढे दोडक्याचे वेल चढवले.

लेथच्या मागच्या भिंतीवर योशिझोच्या स्वतःच्या आकड्या टांगलेल्या होत्या. लांब दांड्याची लोखंडं, प्रत्येकाचं टोक वळवलेलं, कुठलं मांजराच्या नखासारखं, कुठलं प्रश्नचिन्हासारखं, कुठलं पार गोल. सुमिएनं मोजल्या. त्रेचाळीस.

"यातली नवशिक्याची कुठली?"

"नवशिक्याची भिंतीवर नसते. भट्टीत असते." योशिझो भट्टीच्या कोपऱ्याकडे हनुवटी करून म्हणाला. "सुगातानीत आकडी विकत घेत नाहीत, मागूनही घेत नाहीत. ज्यानं त्यानं आपली ठोकायची. माझ्या मनगटाचं वळण तुमच्या मनगटात नाही. माझी दिली तर ती तुमच्याशी भांडेल."

"मग कसली ठोकायची ते कसं ठरवायचं?"

"किती खोल जायचंय? तोंड केवढं? आणि घोड्यावर टेकवल्यावर पुढे किती लांब जातेय?" घोडा म्हणजे हत्यार टेकवायची लाकडी चौकट. "जितकी पुढे तितकी थरथरते. थरथरली की अडकते. अडकली की..."

"मांजर जातं," हात्सुए म्हणाली.

सुमिएनं पदरच्या फडक्यात गुंडाळून आणलेला एक वाडगा बाहेर काढला. एकोणिसांतला. खोक्यांची किल्ली अजून तिच्याचकडे होती. तो तिनं योशिझोच्या हातात ठेवला. योशिझोनं तो उलटा करून बूड बघितलं, काठावरून नख फिरवलं, मग अंगठा आत घातला. अंगठा तळाशी मधोमध जाऊन थांबला.

"आहे," तो हळूच म्हणाला.

"काय आहे?"

"खळी." त्यानं सुमिएचा अंगठा धरून आत लावला. तळाच्या बरोबर मध्यावर तांदळाएवढा खोलगा होता, एवढा पुसट की डोळ्यांना दिसत नव्हता. "बाबांच्या जुन्या वाडग्यांत असते असं ऐकलं होतं. लहानपणी एकदाच हात लावला होता. शेवटचा घोट तिथं गोळा होतो. मी चाळीस वर्षं ती काढायचा प्रयत्न करतोय."

"बाबांना विचारलं नाहीत?"

"विचारलं की. 'बघशील,' म्हणाले. आणि गेले."

"मग त्यांची आकडी बघू या. कुठंय?"

योशिझोनं भिंतीकडे बघितलं आणि नजर वळवली. त्यांच्या घरात रीत होती: बाप गेला की वर्षाच्या आत त्याच्या आकड्या मुलानं भट्टीत घालायच्या, ठोकून सरळ करायच्या आणि आपल्या हाताला वळवून घ्यायच्या. मेलेल्या माणसाचं हत्यार जिवंत माणसाच्या हातात राहू नये म्हणून. त्यानं सगळ्या वळवल्या होत्या, एकही न बघता, कारण बघितलं असतं तर रडला असता. आता त्या त्रेचाळिसांत बाबांचं पोलाद होतं, बाबांचं वळण एकातही नव्हतं.

"म्हणजे चावी वितळली आणि कुलूप राहिलं," सुमिए म्हणाली. "मग कुलपावरून चावी करू."

आता ती या कामाकडे फुटक्या वाडग्याची भरपाई म्हणून बघत नव्हती. वाडग्याच्या आत कुठलं हत्यार फिरलं होतं, हे तिला कळायलाच हवं होतं. इस्त्रीवाल्या पाहुण्यानंतर इतकं काही कळावंसं तिला वाटलं नव्हतं.

पण वाडग्याच्या आतला आकार बाहेर कसा काढायचा? योशिझो तार वाकवून बघत होता. तार आत बरोबर बसायची आणि बाहेर काढताना बदलायची. मातीचा गोळा दाबला तर लाख खरवडेल. तिसऱ्या दिवशी सुमिएनं त्याला बाजूला सारलं.

"सरका हो. तुम्ही आयुष्यभर वाडगे केलेत, भरले मी."

तिनं चायना ग्रासच्या पट्ट्या भिजवल्या, उकळल्या, कोमट केल्या आणि वाडग्यात काठोकाठ ओतल्या. तास-दीड तासानं काठावरून बोट फिरवून वाडगा ताटात पालथा घातला. थुलथुलीत, पारदर्शक, चकचकीत असा आतला वाडगा ताटात बसला. माथ्यावर तांदळाएवढी उंच टिकली: खळी, उलटी होऊन वर आलेली. सुमिएनं सुरी घेतली, टिकलीतूनच बरोबर दोन तुकडे केले आणि एक अर्धा कापलेल्या बाजूनं कागदावर आडवा ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. योशिझोच्या बाबांच्या वाडग्याची आतली रेघ कागदावर आली.

योशिझोनं ती रेघ बोटानं काठापासून तळापर्यंत गिरवली. मग त्यानं दुसरा अर्धा काकवी घालून खाल्ला.

"पुरावा होता तो," सुमिए म्हणाली.

"पुरावा चांगला झालाय," योशिझो म्हणाला.

रेघ बघून त्यानं निकाल दिला. अशी एकसंध, काठापासून तळापर्यंत वाहत जाणारी रेघ मोठ्या आकडीचीच. रुंद वळण, लांब मान, एका दमात काठावरून तळाशी. उस्तादाचा हात. सुमिएला मोठ्या वळणाची आकडी ठोकावी लागणार.

जुन्या कानशीचा तुकडा घेऊन सुमिए ऐरणीपुढे बसली. पहिली आकडी पाणी देताना 'टिंग' करून चिरली. "घाईनं बुडवली," योशिझो म्हणाला. दुसरी नरम राहिली आणि लाकडाला लागताच शिजलेल्या भाजीसारखी वाकली. "उशिरा बुडवली." तिसरी बरोबर जमली. मोठं वळण, लांब मान, बघणाऱ्याला वाटावं की बाई पिढीजात कातारी आहे. तिनं ती घोड्यावर टेकवली, पायानं लेथ सुरू केली, फिरत्या लाकडाच्या पोटात आकडी घातली आणि पुढच्या क्षणी लाकूड खिडकीतून बाहेर होतं. मांजर नुकतंच पिल्लं घेऊन परत आलं होतं. ते पिल्लांसकट गेलं.

एप्रिल असा गेला. मेमध्ये तिनं माळ्यावर धुरात सुकवलेले नऊ ठोकळे फुकट घालवले. दहावा मागायला ती माळ्याच्या शिडीशी गेली तेव्हा योशिझो शिडीच्या पायथ्याशी बसला होता.

"बाई, हे ठोकळे मी चार वर्षं सुकवतो."

"मी एकतीस वर्षं एक पाहुणा आंघोळीला पाठवतेय. द्या."

"मोठी आकडी तुमच्या हातात राहत नाही."

"राहत नाही, कारण ती माझी नाहीच. तुमच्या बाबांची म्हणून तुम्ही मला देताय. तुम्हीच म्हणाला होतात ना, माणसागणिक आकडी? मग मला लहान हवी."

"लहाननं ती रेघ येणार नाही."

"न येवो. पण खिडकी तरी फुटणार नाही."

हात्सुए आतून म्हणाली, "खिडकीचा विचार करणारं या घरात कुणीतरी आलं बाई एकदाचं."

सुमिएनं चौथी आकडी आपल्या मनानं ठोकली. कोंबडीच्या नखाएवढं वळण, आखूड मान, आणि दांडा इतका आखूड की कोपराखाली दाबून धरता येईल, जसा ती सदतीस वर्षं ट्रे धरत आली होती. योशिझोनं ती बघितली आणि म्हणाला, "कान कोरायला छान आहे."

लहान आकडी लहान घास घेत होती. मोठी लाकडात घुसून बसायची, ही चाखत चाखत पुढे जायची. बारीक, कोरडे, कागदासारखे छिलके सुमिएच्या मांडीवर पडत होते. एका दमात काठापासून तळापर्यंत जाणं तिला शक्य नव्हतं, म्हणून ती थोडं थोडं खाली सरकत गेली. प्रत्येक टप्प्याला बारीकशी लाट उठत होती, नखाला लागेल एवढीच. अधूनमधून ती थांबून कागदावरच्या रेघेवरून कापलेला पुठ्ठा आत घालून बघायची. संध्याकाळपर्यंत ती तळाशी पोचली. आणि तिथं, अगदी मध्यावर, तिचा हात घसरला.

झालं असं, की काठाजवळ लाकूड जोरात फिरतं, तिथं ते हत्याराला रेटा देतं, हाताला कळतं. पण बरोबर मध्यावर लाकूड फिरतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथं रेटा नसतो. मध्य आला हे नवशिक्याला कळत नाही, तो तसाच जोर लावतो आणि आकडी बुडते. सुमिएची बुडली.

तिनं लेथ थांबवली. "गेला," ती म्हणाली. "दहावा."

योशिझोनं वाडगा काढून घेतला. अंगठा आत घातला. बराच वेळ काढला नाही. मग तो उठला, सराईतला वाडगा आणला आणि दोन्ही वाडग्यांत दोन अंगठे घालून उभा राहिला, डोळे मिटून, जसं काही कुणी त्याला ओळखायला सांगितलंय कोणतं आंबट आणि कोणतं गोड.

"लाटा आहेत," तो म्हणाला. "बाबांच्यातही आहेत. लाखेखाली. मी समजत होतो लाकडाच्या रेषा."

"म्हणजे?"

"त्या खोक्यांवर काही लिहिलंय का हो? झाकणाच्या आतून?"

सदतीस वर्षं किल्ली सांभाळणाऱ्या बाईला हे विचारायची गरज नव्हती. "शोवा अकरा, शरद ऋतू." म्हणजे जुन्या बादशहाच्या शकातलं अकरावं वर्ष, १९३६.

योशिझोनं बोटं दुमडत मोजलं. एकदा मोजलं, मग दुसऱ्या हातानं मोजलं.

"एकोणीस," तो म्हणाला.

"वीस," सुमिए म्हणाली. "माझा धरून वीस झाले ना आता."

"वाडगे नव्हेत, बाई. बाबा. शोवा अकरात बाबा एकोणीस वर्षांचे होते. लेथवर बसून दुसरं वर्ष." तो छिलक्यांच्या ढिगावर जवळजवळ कोसळलाच. "कोंबडीच्या नखाची आकडी. लहान घास. आणि मध्यावर हात घसरलेला. वीसच्या वीस वेळा! हे नवशिक्याचं काम आहे. मी चाळीस वर्षं हात घसरवायचा मुद्दाम प्रयत्न करत होतो!"

"आणि मी तेवढीच वर्षं ते तुमचे फसलेले वाडगे घरात धुतेय," हात्सुए म्हणाली. "त्यांच्या खड्ड्यांत भाताचं शीत अडकतं. काडीनं काढावं लागतं. पण मला कोण विचारतंय?"

योशिझो हसत होता की रडत होता हे दोघींना ठरवता आलं नाही. शेवटी त्यांनी ठरवलं की त्याला भूक लागली असावी, आणि त्याला जेवायला वाढलं. जेवताना तो मध्येच थांबून म्हणत होता, "'बघशील' म्हणाले. लबाड म्हातारा."

सुमिएनं भीत भीत विचारलं, "मग ती खळी बुजवू का? आणखी थोडं खाली घेऊन तळ सपाट करता येईल."

"खबरदार हात लावाल तर," योशिझो म्हणाला.

जुलै-ऑगस्टात समोरच्या लाखकाम करणाऱ्या घरात वाडग्यावर लाखेचे हात झाले. वाडगा परत आला तो बाकीच्यांपेक्षा दोन छटा काळा. नवी लाख काळीच असते, वर्षांनी उजळते. सुमिएकडे एकतीस वर्षं नव्हती, दोन महिने होते. तिनं वाडगा रोज सकाळी खिडकीत उजेडाला ठेवला आणि दिवसातून तीन वेळा त्यातूनच सूप प्यायली. सप्टेंबरच्या शेवटी तिला सुपाचा वासही सोसवेना, पण वाडगा मधाच्या रंगाच्या बराच जवळ आला होता. फुकुइच्या त्या मास्तरांची तिला त्या दिवसांत फार आठवण झाली.

समारंभाच्या दिवशी तिनं वीस वाडगे ओळीनं मांडले. आपला वाडगा तिनं हिशेबानं शेवटच्या बैठकीवर ठेवला, मालकीणबाईंच्या चुलत नातवापुढे, जो फोनमधून मान वर काढत नव्हता. सूप ओतण्याआधी मालकीणबाई काठी टेकत आल्या. दारातल्या पाहुण्यांच्या चपला जशा त्या बोटानं मोजतात तसे त्यांनी वाडगे मोजले. एकोणीस झाल्यावर त्यांचं बोट थांबलं.

"वीस," मालकीणबाई म्हणाल्या. "लोणचं कुठंय?"

पंगत उठली. कुणी काही म्हणालं नाही. चुलत नातवानं सूप संपवलं आणि वाडग्याकडे बघितलंही नाही. सात महिने कुणाला कळू नये म्हणून झटलेल्या सुमिएला आता कुणालाच कळलं नाही याचा राग येऊ लागला. भांडी आवरताना तिला राहवलं नाही. ती मालकीणबाईंच्या कानाशी वाकली.

"मालकीणबाई, एक सांगायचं होतं. यातला एक मी फोडला होता. एकतीस वर्षांपूर्वी."

"कसला?"

"वाडगा. शेगडीवर तडकला. नदीत टाकला मी."

मालकीणबाईंनी चष्म्यातून तिच्याकडे बघितलं, मग वाडग्यांकडे, मग परत तिच्याकडे. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं.

"वीस आहेत गं, सुमिए. मी आत्ताच मोजले. वय झालं हो तुझंही."

पुढच्या वसंतात सूनबाईंनी धुण्याच्या यंत्रात चालतील असे सिंथेटिकचे चाळीस वाडगे आणले आणि जुना संच गावच्या सभागृहाला देऊन टाकला. तिथं तो काचेच्या कपाटात ठेवला आहे. खाली पाटी आहे: 'योशिझो इनागाकी यांच्या वडिलांचं काम, शोवा अकरा.' सुमिए आणि योशिझो एकदा बघायला गेले होते. कपाटात अठराच मावतात. उरलेले दोन खाली खोक्यात आहेत, खोक्याला कुलूप आहे आणि वाडग्यांना हात लावायला मनाई आहे, त्यामुळे सुमिएचा वर आहे की खाली, हे त्या दोघांनाही माहीत नाही.